तोंडाला कोरड पडते, तर डॉक्टर गालाची सोनोग्राफी का सांगतात?

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडा आणि कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरा. आत गेल्यागेल्या एक पाटी दिसणारच. येथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. अंबरनाथच कशाला, उल्हासनगर, बदलापूर, पार गडचिरोलीपर्यंत कुठेही जा, पाटी तीच.

त्यामुळे सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते पोट. पोटातलं बाळ, नाहीतर मुतखडा, नाहीतर पित्ताशयातले खडे.

आता समजा, पन्नाशीच्या आसपासच्या एका बाईंच्या हातात डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि त्यावर लिहिलं, "दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथींची सोनोग्राफी". बाईंची तक्रार काय, तर तोंड सारखं कोरडं पडतं. घरी आल्यावर मुलगी विचारणारच, "आई, तोंडाला कोरड पडते तर गालात काय बघणारेत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या चिठ्ठीमागे एक आजार आहे, त्याचं नाव शोग्रेन. आणि तो ओळखायला गालाची सोनोग्राफी का लागते, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण हा आजार अनेकदा वर्षानुवर्षं 'उष्णता', 'पित्त' आणि 'वय झालं' या तीन शब्दांखाली दबून राहतो.

कोरड म्हणजे नेमकी किती कोरड?

धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती बनवणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या. पहिली कानाच्या पाळीखाली, गालात. गालफुगी झाली की फुगते ती हीच. दुसरी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. शिवाय ओठांच्या आतल्या बाजूला, टाळूला, गालांच्या आत शेकडो बारीक ग्रंथी असतात त्या वेगळ्या.

शोग्रेनमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा वाट चुकते. जंतूंशी लढायच्या पांढऱ्या पेशी लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींमध्ये जाऊन ठाण मांडतात. ग्रंथीला सूज येते, हळूहळू तिचं काम मंदावतं. असे आजार ऑटोइम्युन या गटात मोडतात. आमवात, ल्युपस ही त्यातली जास्त ओळखीची नावं. शोग्रेन कधी एकटा येतो, कधी या दोघांचा हात धरून येतो. दर दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात आणि निदान बहुतेक वेळा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतं.

लक्षणं ऐकली तर साधी वाटतात. भाकरीचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबरच खाली उतरतो. चिवडा, फरसाण, कोरडा लाडू तोंडात फिरत राहतो. मिरचीचा ठेचा पूर्वी आवडीने खाणाऱ्या बाईला साधी फोडणीची आमटीही जिभेला झोंबते. रात्री दोनतीनदा पाणी प्यायला उठावं लागतं. दात हिरडीजवळ किडायला लागतात, एक भरला की दुसरा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. आणि या सगळ्याच्या जोडीला थकवा. रुग्णांना सगळ्यात जास्त छळतो तो हाच, आणि घरच्यांना सगळ्यात कमी दिसतो तोही हाच.

आता गंमत बघा. दातांसाठी बाई दंतवैद्याकडे जातात. डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञांकडे. सांधे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे. पाळी जायचं वय असेल तर सगळं त्याच्यावर ढकललं जातं. एमआयडीसीच्या पट्ट्यात राहणारे डोळे चुरचुरले की धुराला दोष देऊन मोकळे होतात. सब्जा, कोकम, गुलकंद सुरू होतं. चार डॉक्टरांकडच्या चार कागदांची एक गोष्ट आहे, हे कुणी एकाने सगळे कागद समोर ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. टेनिसपटू व्हीनस विल्यम्सने २०११ मध्ये यूएस ओपन अर्ध्यावर सोडली आणि आपल्याला शोग्रेन असल्याचं जाहीर केलं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या खेळाडूच्या बाबतीतही नेमकं नाव सापडायला बरीच वर्षं गेली होती.

एक खुलासा इथेच करायला हवा. तोंड कोरडं पडण्याची सगळ्यात नेहमीची कारणं शोग्रेन नसतातच. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्याची किंवा झोपेची काही औषधं, ताब्यात नसलेला मधुमेह, तोंड उघडं ठेवून झोपण्याची सवय, अशी मोठी यादी आहे. डॉक्टर आधी ही यादी तपासतात. ती संपली की शोग्रेनचा विचार येतो.

नाव कुठून आलं?

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. सांधे दुखणाऱ्या आणि डोळे-तोंड कोरडे पडलेल्या बायका त्यांच्याकडे येत होत्या. १९३३ मध्ये त्यांनी अशा १९ रुग्ण स्त्रियांवर प्रबंध लिहिला. डोळ्यांचा कोरडेपणा हा सुटा विकार नसून सगळ्या शरीराच्या आजाराचा एक भाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. परीक्षकांना ते फारसं पटलं नाही, आणि विद्यापीठात शिकवण्यासाठी लागणारा दर्जा काही त्या प्रबंधाला मिळाला नाही. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

भारतात तर हा आजार जवळजवळ नाहीच, असा समज बराच काळ होता. २००३ मध्ये भारतीय फिजिशियन्सच्या एका नामांकित नियतकालिकात लखनौच्या डॉक्टरांचा लेख आला, त्याच्या शीर्षकातच या आजाराला भारतातली 'दुर्मीळ' गोष्ट म्हटलेलं होतं. पुढे २०१५ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या एकट्या रुग्णालयातल्या तीनशेहून जास्त रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. बारा वर्षांत आजार एवढा वाढला असण्यापेक्षा, तो शोधायला सुरुवात झाली असण्याची शक्यता जास्त.

मग शोधायचा कसा?

इथे खरी अडचण आहे. शोग्रेनसाठी 'ही एक टेस्ट करा, हो की नाही ते कळेल' असं काही नाही. गुण जमवत जावे लागतात.

अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये मिळून एक गुणपद्धत ठरवली. मुळात ती संशोधनासाठी आहे, पण डॉक्टर रोजच्या कामातही तिचा आधार घेतात. त्यात पाच गोष्टी आहेत. रक्तात 'अँटी-एसएसए' नावाची अँटीबॉडी सापडली तर ३ गुण. ओठाच्या आतल्या बारीक ग्रंथींचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींचे पुंजके दिसले तर ३ गुण. डोळ्याच्या पृष्ठभागाला रंग लावून केलेल्या तपासणीत इजा दिसली तर १. पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर १. आणि काहीही न चघळता मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ जमली तर १. एकूण ४ झाले की आजार मानायचा.

या शेवटच्या तपासणीचा हिशोब करून बघा. पंधरा मिनिटं शांत बसून तोंडात येईल ती लाळ भांड्यात सोडायची आणि जमतं काय, तर दीड मिलिलिटर. चहाचा चमचा पाव-एक भरेल इतकं.

ज्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडते त्यांचं काम सोपं होतं. गोची होते ती रक्त 'निगेटिव्ह' आलेल्यांची. त्यांना ४ गुणांपर्यंत पोहोचायला ओठाची बायोप्सी लागतेच. भूल देऊन छोटासा छेद, चारपाच बारीक ग्रंथी काढायच्या, एखाददुसरा टाका. मोठं ऑपरेशन नाही, पण काहींना ओठाचा तेवढा भाग महिनोन्महिने बधिर राहतो. शिवाय तो तुकडा नीट वाचू शकणारा पॅथॉलॉजिस्ट हवा.

पूर्वी आणखी एक प्रकार होता. लाळ जिथून तोंडात येते त्या नळीच्या तोंडातून रंगद्रव्य आत सोडायचं आणि एक्स-रे काढायचा. वरच्या मागच्या दाढेसमोर गालाच्या आत जो बारीकसा उंचवटा जिभेला लागतो ना, ते त्या नळीचं तोंड. ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे ते ती विसरत नाहीत.

या पार्श्वभूमीवर सोनोग्राफीचं महत्त्व कळतं. सुई नाही, छेद नाही, किरणोत्सर्ग नाही. उपाशी राहायचं नाही, पाणी पिऊन लघवी धरून बसायचं नाही. आडवं पडायचं, मान जराशी मागे, चेहरा एका बाजूला. गालावर आणि जबड्याखाली थंडगार जेली. दहा-पंधरा मिनिटांत चारही मोठ्या ग्रंथी बघून होतात.

पडद्यावर दिसतं काय?

पोटासाठी वापरतात त्यापेक्षा इथे वेगळा प्रोब लागतो. पोटाच्या आत खोलवर पोहोचायचं असतं म्हणून तिथे कमी वारंवारतेच्या ध्वनिलहरी वापरतात. लाळग्रंथी तर कातडीखाली लगेचच आहेत. त्यामुळे जास्त वारंवारतेचा, सरळ पट्टीसारखा प्रोब घेतात. थायरॉइड बघायला वापरतात तोच. लहरी खोल जात नाहीत, पण चित्र फार बारकाईने उमटतं.

निरोगी ग्रंथी पडद्यावर एकसारखी करडी दिसते. घट्ट लागलेल्या दह्यासारखी, कुठेही गाठ नाही की भोक नाही. शेजारच्या स्नायूपेक्षा ती उजळ असते आणि थायरॉइडच्या पोताशी तिचा पोत जुळतो. म्हणून बघणारे डॉक्टर तुलनेला बहुधा थायरॉइडवरही प्रोब फिरवून घेतात.

शोग्रेनमध्ये हा एकसारखेपणा बिघडतो. ग्रंथीत छोटे छोटे गोल-लांबट काळे डाग दिसू लागतात. आंबोळी तव्यावर टाकल्यावर तिला जाळी पडते, तसं काहीसं. मधेमधे पांढऱ्या रेघा येतात. आजार जुना झाला की ग्रंथीतल्या कामाच्या भागाची जागा चरबी आणि तंतू घेतात आणि कडा कुठे संपते तेही नीट कळत नाही.

हे बदल सोनोग्राफीत दिसतात आणि त्यांना दर्जा देता येतो, असं इटलीतल्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच मांडलं होतं. पण नंतर ज्याने त्याने आपापली मोजपट्टी काढली. कुणाची ० ते ४, कुणाची ० ते १६, तर स्लोव्हेनियातल्या गटाची चक्क ० ते ४८. एका शहरातला 'मध्यम' दुसऱ्या शहरात 'तीव्र' ठरणार असेल तर त्या आकड्याला अर्थ काय?

२०१९ मध्ये ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने हा घोळ बराचसा निस्तरला. त्यांनी साधी ० ते ३ अशी श्रेणी ठरवली. ० म्हणजे नॉर्मल. १ म्हणजे पोत जरासा खडबडीत, पण काळे डाग नाहीत. २ म्हणजे काळे डाग आहेत, पण त्यांच्या आजूबाजूला चांगली ग्रंथी शिल्लक आहे. ३ म्हणजे डागांनी सगळी ग्रंथी व्यापली आहे, किंवा ती तंतुमय होऊन गेली आहे. चारही ग्रंथींना वेगवेगळा आकडा द्यायचा.

यातली श्रेणी १ वाचून घाबरायचं कारण नाही. असा किंचित खडबडीतपणा आजार नसलेल्या माणसांतही, विशेषतः वय वाढल्यावर, दिसू शकतो. डॉक्टरांचे कान टवकारतात ते २ किंवा ३ आला की, आणि तोही एकाहून जास्त ग्रंथींमध्ये.

यावर किती विसंबायचं?

वेगवेगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज करणारा एक लेख २०१५ मध्ये आला. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा, की शोग्रेन असलेल्या १०० जणांची सोनोग्राफी केली तर साधारण ७० जणांमध्ये बदल दिसतात. उरलेल्या ३० जणांचं चित्र चांगलं दिसतं, आजार मात्र असतो. उलट बाजूने, शोग्रेन नसलेल्या १०० जणांपैकी ९० हून थोड्या जास्त जणांची सोनोग्राफी बरोबर 'नाही' असं सांगते.

म्हणजे बदल दिसले तर त्याला बऱ्यापैकी वजन आहे. नाही दिसले, तर 'सुटलो' म्हणून फाईल कपाटात टाकता येत नाही.

आणि म्हणूनच इन्स्टावर एखादी रील बघून, काही त्रास नसताना गालाची सोनोग्राफी करून येण्यात हशील नाही. आजार तसा कमी लोकांना होतो. हजारो निरोगी लोकांची तपासणी केली तर चुकून 'आहे' असं दिसणाऱ्यांची संख्या खऱ्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त भरेल. ही तपासणी कामाची आहे ती तक्रार असलेल्या, आधी डॉक्टरांनी तपासलेल्या माणसासाठी.

वर सांगितलेल्या २०१६ च्या गुणपद्धतीत सोनोग्राफी नाही. नंतर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी आणि इतरांनीही तपासून पाहिलं, की तिला १ गुण देऊन यादीत घेतलं तर काय होईल? गणित बिघडत नाही आणि डॉक्टरांना एक जास्तीची वाट मिळते, असं दिसलं. जिची बायोप्सी करायची तयारी नाही किंवा जिच्या डोळ्यांची रंगाची तपासणी जवळपास होत नाही, तिच्यासाठी हा एक गुण मोठा असतो.

आणखी एक पथ्य. जाळी दिसली म्हणजे शोग्रेनच, असंही नाही. एचआयव्हीच्या काही रुग्णांमध्ये कानाखालच्या ग्रंथीत पाण्याच्या गाठी होतात. सारकॉइडोसिसमध्ये ग्रंथी डागाळलेली दिसते. आयजीजी-४ नावाच्या प्रथिनाशी जोडलेला एक आजार आहे, तो बहुधा जबड्याखालच्या ग्रंथींना धरतो. हिपॅटायटिस सी आहेच. ही नावं चिठ्ठीवरच्या रक्ततपासण्यांत दिसली तर 'डॉक्टरांना आपल्यावर भलताच संशय आहे' असं मनात आणू नये. शोग्रेन म्हणण्याआधी ही सगळी दारं बंद करावी लागतात, असा नियमच आहे.

एवढं करून मिळतं काय?

हा प्रश्न रुग्णच विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. शोग्रेन मुळापासून बरा करणारं औषध नाही. लाळ वाढवायला पायलोकार्पिनसारख्या गोळ्या आहेत, डोळ्यांत घालायला कृत्रिम अश्रू आहेत, दातांना फ्लोराइड आहे. सांधेदुखी असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं जातं. कोरडेपणावर मात्र त्याचा उपयोग फ्रान्समधल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. मग नाव कळून फरक काय पडतो?

दोन ठिकाणी फार मोठा पडतो.

पहिलं ठिकाण म्हणजे कॅन्सर. शोग्रेनच्या दर १०० रुग्णांपैकी साधारण पाच जणांना पुढे कधीतरी लिम्फोमा होतो, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर. बऱ्याचदा तो सुरू होतो तो कानाखालच्या त्याच ग्रंथीत. शोग्रेनमध्ये ही ग्रंथी अधूनमधून फुगते आणि ओसरते, हे नेहमीचं आहे. पण एकाच बाजूची सूज महिनोन्महिने उतरत नसेल, हाताला टणक लागत असेल, वजन घटत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, पायांवर जांभळट पुरळ उठत असेल, तर थांबायचं नाही. अशा वेळी सोनोग्राफीत बारीक जाळीऐवजी एखादा मोठा, सलग काळा भाग दिसू शकतो. मग त्याच सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेमकी तिथे घालून तुकडा काढता येतो. ज्या बाईंना आपल्याला शोग्रेन आहे हे माहीत आहे, त्या 'गालफुगी आली असेल' म्हणून लेप लावत बसत नाहीत. लाळग्रंथीतला हा लिम्फोमा बहुतेक वेळा सावकाश वाढणारा असतो आणि वेळेत सापडला तर उपचारांना चांगला प्रतिसाद देतो.

दुसरं ठिकाण म्हणजे बाळंतपण. अँटी-एसएसए ही अँटीबॉडी आईच्या रक्तातून वारेमधून बाळापर्यंत जाते. अशा आयांच्या दर १०० गरोदरपणांपैकी एक-दोनमध्ये बाळाच्या हृदयातली विद्युत यंत्रणा बिघडते आणि ठोके मंदावतात. जन्मल्यावर काही बाळांना पेसमेकर बसवावा लागतो. आधीच्या बाळाला हा त्रास झालेला असेल तर पुढच्या वेळी धोका बराच वाढतो. पण अशा आयांना गरोदरपणात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं तर तो निम्म्याहून खाली येतो, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आईला अँटीबॉडी आहे हे आधी माहीत असेल तर साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयावर खास नजर ठेवता येते. पुष्कळदा उलटंच होतं. बाईला स्वतःला काहीच त्रास नसतो, आधी बाळाचे ठोके मंद सापडतात आणि मग आईचं रक्त तपासल्यावर कारण कळतं.

आणि इथे ती पाटी परत येते

युरोपात अनेक संधिवाततज्ज्ञांच्या टेबलाशेजारीच सोनोग्राफीचं यंत्र असतं. रुग्णाशी बोलता बोलता ते प्रोब उचलतात, ग्रंथी बघतात, पुढचं ठरवतात. आपल्याकडे हे चित्र फारसं दिसत नाही. त्यामागे पैसा हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण कायद्यात आहे, आणि त्या कायद्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली.

१९८० च्या दशकात मुंबईत गर्भलिंग चाचण्यांविरोधात चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने अशा चाचण्यांवर निर्बंध आणणारा कायदा केला. देशात पहिला. १९९४ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला, तो १९९६ पासून लागू झाला. अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. ती करणाऱ्यांमध्ये मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था होत्या. त्यानंतर २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. यंत्र नोंदणीकृत केंद्रालाच विकता येईल, केंद्राची आणि यंत्राची नोंद सरकारदरबारी हवी, अशी व्यवस्था आली. हातात घेऊन फिरता येणाऱ्या छोट्या यंत्रांवर २०१२ मध्ये आणखी बंधनं आली.

हे सगळं उगाच झालेलं नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ वर आल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. कायदा असूनही ही गत होती, नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

पण यंत्राला हे कळत नाही की ते पोटावर टेकवलंय की गालावर. त्यामुळे ज्या डॉक्टरांना फक्त सांधे आणि लाळग्रंथी बघायच्या आहेत, त्यांनाही नोंदणीच्या त्याच वाटेने जावं लागतं. बरेच जण म्हणतात, नकोच ती भानगड, रेडिओलॉजिस्टकडे चिठ्ठी देऊ. कायद्याने गालाच्या सोनोग्राफीला कुठेही मनाई केलेली नाही. गर्भवतींसाठी भरावा लागणारा 'फॉर्म एफ' इथे लागतही नाही. फक्त, बघणारा एक आणि उपचार ठरवणारा दुसरा, अशी फारकत होते.

आणि या फारकतीत माहिती गळते. चिठ्ठीवर नुसतं 'मानेची सोनोग्राफी' लिहिलेलं असेल तर रेडिओलॉजिस्ट साहजिकच गाठी, थायरॉइड, लाळेच्या नळीतला खडा, पू वगैरे बघतात. ग्रंथीच्या पोतातला बारीक फरक बघायचा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. रिपोर्ट येतो, 'विशेष काही आढळले नाही'. किंवा 'लाळग्रंथींना सूज' एवढंच, म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स.

यात रुग्णाला थोडं करता येण्यासारखं आहे. चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना विनंती करायची, की त्यावर 'शोग्रेनची शंका' आणि 'चारही मोठ्या लाळग्रंथी, प्रत्येकीची ओमेरॅक्ट श्रेणी' असं स्पष्ट लिहून द्या. सेंटरवर गेल्यावर तोंड-डोळे कोरडे पडतात हे आपणहून सांगायचं. आधीचे रिपोर्ट असतील तर न्यायचे. रिपोर्टच्या कागदाबरोबर चित्रंही मागून घ्यायची, कारण दोन वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी झाली तर तुलनेला तीच लागतात. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा करायची ही तपासणी नाही, ग्रंथीतले बदल तितक्या भराभर होत नाहीत.

अंबरनाथ-बदलापूरकडच्या माणसाला सोनोग्राफी सेंटर घराजवळ मिळतं. अवघड आहे ते शोग्रेन ओळखणाऱ्या संधिवाततज्ज्ञापर्यंत पोहोचणं. परळच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे, पण अंबरनाथहून तिथे जायचं म्हणजे लोकलने पन्नासेक किलोमीटर, आणि ओपीडी गाठायची तर सकाळच्या गर्दीतच. सांधे दुखणाऱ्या, थकलेल्या बाईसाठी हे एक दिवसाचं काम दोन दिवसांचं होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात अंबरनाथचंही होतं. लाळेची मोजणी, डोळ्यातली कागदाची पट्टी, ग्रंथींची सोनोग्राफी, यातल्या कशालाही फार महागडी यंत्रणा लागत नाही. काय शोधायचं हे माहीत असलेले डॉक्टर लागतात. ते जवळ मिळेपर्यंत सोपी खूण घरातल्या जेवणाच्या ताटापाशीच आहे. आई सलग तीन महिन्यांहून जास्त काळ प्रत्येक घासाला पाणी पीत असेल आणि डोळ्यांत काहीतरी खुपतंय म्हणत असेल, तर दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना, एकाच वेळी सांगायच्या.